शिसवी कपाट आणि पांढरा हॉल: जुनं फर्निचर नव्या घरात नेण्याच्या तीन वाटा

नाशिकच्या पंचवटीतला आमचा वाडा उतरवायचं नक्की झालं, त्या दिवसापासून घरात एकच विषय होता: सामानाचं काय करायचं? यादी लांब नव्हती, पण यादीतली एकेक वस्तू दोन माणसांनाही न हलणारी. सात फूट उंच, दोन दारांचं शिसवी कपाट. छपरी पलंग. पितळी कड्यांचा झोपाळा. आजेसासऱ्यांचं बैठं डेस्क, वेताच्या दोन आरामखुर्च्या, एक पेटारा आणि स्वयंपाकघरातलं हिरव्या ऑइलपेंटचं जाळीचं कपाट. हे सगळं जाणार होतं गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये, जिथला हॉल दहा फूट बाय सोळा फूट.

सासूबाईंनी सांगून टाकलं, यातलं काहीही विकायचं नाही. मुलीचं म्हणणं, घर उजळ आणि हलकं वाटलं पाहिजे, आत आल्यावर छाती दडपायला नको. मला दोघींचंही पटत होतं. आज सहा वर्षांनी त्याच हॉलमध्ये बसून लिहिते आहे, आणि दोघींचंही साधलं आहे. पण ते पहिल्या झटक्यात साधलं नाही.

साधारण त्याच काळात आमच्या जाऊबाईंनी इंदिरानगरला आणि माझ्या एका मैत्रिणीने म्हसरूळला घर लावलं. तिघींकडेही जुनं लाकूड होतं आणि तिघींनी तीन वेगळ्या वाटा धरल्या. मी फर्निचर होतं तसं ठेवलं आणि घर त्याच्या भोवती बेतलं. जाऊबाईंनी घर आधी ठरवलं आणि फर्निचर त्यात बसेल असं बदलून घेतलं. मैत्रिणीने दोनच वस्तू ठेवल्या, बाकीच्या नातेवाइकांत वाटल्या आणि उरलेलं घर नव्या, फिकट फर्निचरने भरलं. तिन्ही घरांत माझं नेहमी जाणं-येणं आहे. पावसाळ्यात, उन्हाळ्यात, दिवाळीच्या गर्दीत आणि एरवीच्या रिकाम्या दुपारी ती कशी वाटतात ते मी पाहिलं आहे. तुमच्या दारातही असा टेम्पो उभा राहणार असेल, तर पुढचं उपयोगी पडेल.

आधी लाकूड ओळखा, मग वाट निवडा

बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात. काळपट फर्निचर, छोटी खोली, म्हणजे फर्निचर फिकट करून घ्यावं, असं सरळ वाटतं. पण फिकट होणं न होणं तुमच्या हातात नसतं, ते लाकडावर असतं.

कपाटाच्या मागच्या बाजूला किंवा खणाच्या तळाशी, जिथे पॉलिश पोचलेलं नसतं, तिथे चाकूने नखाएवढं खरवडून पाहा. आतून मधासारखा सोनेरी-तपकिरी रंग निघाला आणि हाताला किंचित तेलकट लागलं, तर ते सागवान. वरचा काळपटपणा मग पॉलिशचा, धुराचा आणि वर्षानुवर्षं पुसलेल्या हातांचा. तो उतरवला की लाकूड खरोखर उजळतं. आतूनही गडद तपकिरी आणि त्यात जांभळट-काळ्या रेषा दिसल्या, तर ते शिसव. तिथे काळोख पॉलिशमध्ये नाहीच, लाकडाच्या अंगात आहे. कितीही घासा, तो तसाच राहणार. वजनावरूनही अंदाज येतो. सुकलेलं सागवान घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास भरतं, शिसव साधारण साडेआठशे. एकाच मापाची दोन स्टुलं उचलली तरी फरक हाताला कळतो.

जाऊबाईंना हे कोणी सांगितलं नाही. त्यांच्या वाट्याला सागवानी जेवणाचं टेबल, सहा खुर्च्या आणि आमच्यासारखंच एक शिसवी कपाट आलं. टेबल-खुर्च्या घासून, पॉलिश उतरवून, वरून पारदर्शक हात दिला, आणि त्या इतक्या सुंदर निघाल्या की पाहणाऱ्याला नव्या वाटाव्यात. त्या यशावर विसंबून कपाटही त्याच पॉलिशवाल्यांना दिलं. त्यांनी घासलं, मग रसायन लावून रंग उडवला, मग परत घासलं. महिनाभराने जे परत आलं ते करड्या डागांचं होतं, आणि कोरीव वेलबुट्टीच्या खाचांत जुना काळा रंग तसाच अडकून होता. शेवटी ते पूर्ण हस्तिदंती रंगाने रंगवावं लागलं. लांबून ते नीटस दिसतं, खोलीत मिसळून जातं. पण दारांवरच्या ज्या रेषा बघत त्यांचे यजमान लहानाचे मोठे झाले, त्या आता रंगाखाली आहेत. जाऊबाई त्यावर बोलत नाहीत. मला मात्र त्या कपाटासमोरून जाताना दर वेळी वाईट वाटतं.

शिसवाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे लाकूड आता दुर्मीळ झालं आहे. शिसवाच्या कुळातल्या झाडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून साइट्स कराराच्या, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमांखाली आला, तो याच कारणाने. तुमच्या घरातलं सात फुटी कपाट आज नव्याने करून घ्यायला गेलात तर त्या रुंदीच्या फळ्या मिळणं कठीण. म्हणून माझं स्पष्ट मत: सागवान असेल तर फिकट करण्याचा विचार जरूर करा, शिसव असेल तर त्याला रंग लावू नका. खोलीतलं बाकी सगळं बदला, पण ते राहू द्या.

आमच्या जाळीच्या कपाटाची गोष्ट वेगळी. ते मुळात रंगवलेलंच होतं, आणि त्या रंगाची वेगळी काळजी घ्यावी लागली. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपुरतं ठेवण्याचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. असा रंग कोरडा घासून त्याची धूळ घरात उडवू नका, विशेषतः लहान मुलं किंवा गरोदर बाई घरात असेल तर. आम्ही रंग काढायचं रसायन लावून, ओलसर असतानाच खरवडून, अंगणात काम करून घेतलं आणि खरवड गोळा करून बांधून टाकली. खाली साधं सागवान निघालं. आता त्यात मुलीची पुस्तकं असतात.

पॉलिश: लाख, मेलामाइन की पीयू

जुन्या फर्निचरवर बहुधा लाखेचं पॉलिश असतं, ज्याला आपण फ्रेंच पॉलिश म्हणतो. चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने हातावर हात देत ते चढवतात. ओळखायची खूण सोपी: आडबाजूला स्पिरिटचा बोळा टेकवून पाहा, चिकट झालं तर लाख. मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) या नव्या, कृत्रिम पॉलिशांना तसं होत नाही.

जाऊबाईंनी टेबलावर पीयू करून घेतलं आणि जेवणाच्या टेबलापुरता तो निर्णय मला बरोबर वाटतो. गरम पातेलं, सांडलेलं ताक, मुलांच्या वह्या, सगळं ते सोसतं. लाखेच्या पॉलिशवर ओला पेला राहिला तर पांढरं वर्तुळ उमटतं. पण पीयूला खोल चरा गेला की पूर्ण फळी घासून नव्याने करावी लागते. लाखेवर नवा हात जुन्या थरात मिसळतो, त्यामुळे तेवढाच भाग दुरुस्त होतो. मेलामाइन या दोघांच्या मधलं आहे, लाखेपेक्षा टणक आणि पीयूपेक्षा स्वस्त. नव्या फर्निचरला ते चालतं, जुन्याला मी सुचवणार नाही.

पलंग, कपाट, खुर्च्या यांना मी लाखच ठेवली, आणि तीही चकचकीत नको, मंद हवी, असं मिस्त्रींना बजावून सांगितलं. चकाकणारा गडद पृष्ठभाग खोलीतल्या प्रत्येक दिव्याचं प्रतिबिंब दाखवतो आणि वस्तू आहे त्यापेक्षा मोठी वाटते. मंद पॉलिशवर नजर सरकून लाकडाच्या रेषांवर जाते. हलकं घर हवं असेल तर हा फरक फार मोठा आहे आणि खर्च काहीच वाढत नाही.

उजेड कुठून येतो

पहिल्या वर्षी माझी चूक इथे झाली. हॉलला एकच मोठी बाजू उघडी आहे, बाल्कनीची. तिच्या शेजारची भिंत रिकामी होती म्हणून कपाट तिथे लावलं, बाल्कनीच्या दाराला खेटून, खोलीकडे तोंड करून. दिवसभर ते काळ्या भोकासारखं दिसायचं. मुलगी म्हणाली ते खरं होतं, छाती दडपायची. आम्ही भिंतींना आणखी एक पांढरा हात दिला, मोठे दिवे लावले, तरी काही फरक पडेना.

मग एका रविवारी सराफ बाजाराजवळच्या सरकारवाड्यात गेलो होतो. पेशवेकालीन वास्तू ती. तिथलं लाकूडकाम बघताना पहिल्यांदा जाणवलं की जुने वाडे गडद लाकडाने भरलेले असूनही कोंदट का वाटत नसत. वाड्यात उजेड चौकातून उतरतो, खालच्या दगडावर आणि चुन्याच्या भिंतींवर आपटून लाकडाच्या अंगावर येतो. लाकूड त्या उजेडाच्या समोर असतं. आमचं कपाट उजेडाला पाठ करून उभं होतं, मग डोळ्यांना बाल्कनीचा लख्ख प्रकाश दिसणार आणि त्याच्या कडेला नुसती काळी आकृती.

घरी येऊन कपाट काटकोनातल्या लांब भिंतीला लावलं, बाल्कनीपासून सात-आठ फूट आत. सकाळचा उजेड आता त्याच्यावर तिरका पडतो, वेलबुट्टी उठून दिसते, शिसवातला जांभळा रंग दिसतो. कपाट तेच, खोली तीच. या एका हलवाहलवीने जितका फरक पडला तितका रंगावर केलेल्या साऱ्या खर्चाने पडला नव्हता. तुम्ही तिन्हीपैकी कोणतीही वाट धरा, गडद वस्तू खिडकीच्याच भिंतीला लावू नका.

मैत्रिणीच्या रो-हाउसला दोन बाजूंनी खिडक्या आहेत, त्यामुळे तिला हा प्रश्न आला नाही. तिने जुना आरसा खिडकीच्या समोर टांगला आहे, त्यात बाहेरच्या कडुनिंबाची हिरवाई दिसते. जुन्या आरशाला काठाला काळे डाग पडलेले आहेत, ते तिने तसेच ठेवले.

नाशिकचं पश्चिमेचं ऊन मात्र सांभाळावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीजवळ जातो तेव्हा दुपारनंतरचं सरळ ऊन लाकडावर येऊ देऊ नका. पॉलिश फिकटतं, सांधे कोरडे होऊन करकरतात. जाड पडद्यांनी खोली अंधारते. आम्ही मालेगावचं कोरं मांजरपाट आणून, धुऊन, त्याचे जमिनीपर्यंत येणारे साधे पडदे शिवले. ऊन त्यातून गाळून येतं आणि खोली दुधासारखी उजळते. इतक्या कमी पैशांत इतकं सुरेख दुसरं काही मला सापडलेलं नाही.

भिंत आणि फरशी

पांढरा म्हटलं की दुकानात निळसर पांढरा पुढे करतात. गडद लाकडामागे तो फार टोचतो, वस्तूच्या कडा कापल्यासारख्या दिसतात. जाऊबाईंकडे हाच पांढरा आहे आणि त्यांच्या फिकट केलेल्या सागवानाला तो शोभतो, कारण तिथे विरोध कमी आहे. आमच्या शिसवामागे तो लावून बघितला आणि परत काढला. सायीसारखा, किंचित पिवळट झाक असलेला पांढरा घेतला तेव्हा कपाट भिंतीशी बोलायला लागलं. रंग निवडताना दुकानातली पट्टी पाहू नका. दोन फूट बाय दोन फूट भिंत रंगवा, त्याला लागून ती वस्तू ठेवा आणि सकाळ-दुपार-रात्र अशा तिन्ही वेळी बघा. छतही त्याच रंगाचं केलं तर भिंत कुठे संपते ते नजरेला कळत नाही आणि सात फुटी कपाटही कमी उंच भासतं.

फरशीबद्दल थोडक्यात सांगते. बिल्डरने दिलेल्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्समध्ये गडद फर्निचरचं उलटं प्रतिबिंब पडतं, म्हणजे वजन दुप्पट. बदलणं शक्य असेल तर फिकट आणि मंद पृष्ठभागाची घ्या. बदलणं शक्य नसेल तर फर्निचरखाली आणि पुढे एक फिकट सुती सतरंजी घाला. मैत्रिणीकडे कोटा आहे, उन्हाळ्यात पायाला छान गार लागतो, पण त्याचा हिरवट-करडा रंग उजेड खातो. तिच्याकडे दोनच जुन्या वस्तू असल्याने ते चालून गेलं. आमच्या सामानाला चाललं नसतं.

दिव्यांत मात्र तडजोड करू नका. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीत शिसव राखेसारखं दिसतं. २७०० ते ३००० केल्विनचे घ्या, आणि खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० किंवा जास्त लिहिलेलं असेल तर उत्तम, कारण लाकडातला तांबडा रंग त्यातच खरा दिसतो. छताच्या मधोमध एकच प्रखर दिवा लावण्यापेक्षा कपाटाशेजारी, डेस्कवर, आरामखुर्चीमागे असे छोटे दिवे ठेवले की संध्याकाळी प्रत्येक वस्तू आपल्या उजेडात बसलेली वाटते.

सगळ्यात अवघड भाग: सामान ठेवायचं कुठे

जुन्या फर्निचरला जिवंत घरात जागा द्यायची तर हा प्रश्न टाळता येत नाही. वाड्यात माळा होता, फडताळं होती, कोनाडे होते, भिंतीत खुंट्या होत्या. फ्लॅटमध्ये गाद्या, सूटकेस, पापडांचे डबे, दिवाळीचे आकाशकंदील, शाळेच्या जुन्या वह्या, सगळं कुठेतरी कोंबावं लागतं. आणि मग ते जुन्या कपाटावर, पलंगाखाली, डेस्कवर जाऊन बसतं. फर्निचर कितीही देखणं असलं तरी त्याच्या डोक्यावर दोन सूटकेस आल्या की गेलंच.

जाऊबाईंकडे खाली पेटी असलेला, हायड्रॉलिक झाकणाचा नवा पलंग आहे. सगळं आत जातं, सोयीचं आहे. पण तो जमिनीला टेकलेला असल्याने खोली भरलेली वाटते. आमचा छपरी पलंग त्याच्यापेक्षा आकाराने मोठा, तरीही खोलीत हलका वाटतो, कारण तो दोन फूट उंच पायांवर उभा आहे आणि खालून जमीन पलीकडच्या भिंतीपर्यंत दिसते. माझ्या मते डोळ्याला हलकं काय वाटतं त्याचं उत्तर इथे आहे: रंगापेक्षा खालची मोकळी जमीन जास्त काम करते. म्हणून मी एक नियम केला, पलंगाखाली काहीही ठेवायचं नाही. आजवर पाळला आहे.

तो पाळता आला कारण आम्ही आतल्या खोलीची एक अख्खी भिंत जमिनीपासून छतापर्यंत बंद कपाटांना दिली. भिंतीच्याच रंगाची, मुठीसुद्धा बाहेर नाहीत, कडेला बोट घालून उघडायची. तिकडे कोणाची नजर जात नाही, आणि घरातलं नव्वद टक्के सामान तिथे असतं. नवं फर्निचर न दिसणारं केलं की दिसायला फक्त जुनं उरतं. पहिल्या वाटेचा खरा खर्च हा आहे, तो धरून चाला. या भिंतीला पैसे नसतील तर सगळं जुनं फर्निचर ठेवायचा हट्ट धरू नका, मैत्रिणीची वाट बरी.

तिने ठेवलं काय? पेटारा आणि एक आरामखुर्ची. पेटारा हॉलमध्ये टीपॉयसारखा ठेवलाय आणि आत पाहुण्यांच्या चादरी आहेत. इतकं थोडं असल्याने त्या दोन्ही वस्तूंकडे सगळ्यांचं लक्ष जातं. माझ्या घरात सात वस्तू आहेत, त्यातल्या एखादीकडे आठवडाभर कोणी पाहत नाही, हे मान्य केलं पाहिजे. मात्र तिने जे वाटून टाकलं त्यातलं आईचं शिवणाचं मशीन आणि त्याचं लाकडी टेबल तिला आजही आठवतं. ज्या नातेवाइकाला दिलं त्यांनी पुढे ते भंगारात घातलं. देताना कोणाला देतोय आणि ते वापरणार आहेत का, हे विचारून घ्या.

झोपाळा टांगायचा की नाही

नाशिककर घरात हा वाद हटकून होतो. चार माणसं बसली की तीनशे किलोच्या आसपास वजन होतं, वर फळी आणि कड्यांचं, आणि हलत्या वजनाचा ताण स्थिर वजनापेक्षा जास्त. त्यामुळे स्लॅबला भोकं पाडून कोणीही लावून देतो म्हणाला तरी ऐकू नका. बांधकाम चालू असताना बीममध्ये हूक सोडून घेता आले तर सर्वांत चांगलं. इमारत उभी असेल तर बीम कुठे आहेत ते पाहून, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच हूक बसवा.

दुसरा प्रश्न जागेचा. झोक्याला पुढे-मागे तीन-तीन फूट तरी लागतात. आमच्या दहा फुटी हॉलमध्ये त्यानंतर काही उरलंच नसतं. आम्ही फळी बाल्कनीलगत लोखंडी चौकटीच्या बुटक्या पायांवर बसवली, कड्या जपून ठेवल्या. सासूबाई आधी नाराज होत्या. आता दुपारी तांदूळ निवडायला त्या तिथेच बसतात. फळीला एकही नवं भोक पाडलेलं नाही, उद्या मोठं घर झालं तर ती परत टांगता येईल. जुन्या वस्तूवर काहीही करून घेताना मी एवढंच विचारते: हे उद्या परत पूर्वीसारखं होईल का? लाखेचं पॉलिश होईल, पाय लावलेली फळी होईल, रंगवलेलं शिसव होणार नाही, पाय कापून बुटकं केलेलं टेबल होणार नाही.

मैत्रिणीच्या म्हसरूळच्या घरात वरच्या मजल्याच्या बीमला हूक आधीच सोडले होते. तिने नवा झोपाळा घेतला, पितळी कड्या भांडी बाजारातून आणल्या. जुन्या वस्तूशिवायही जुनी सवय घरात येऊ शकते, हे तिच्याकडे बसल्यावर पटतं.

बसणं, वेत आणि गाद्या

सोफा घ्यायचाच असेल तर पाय दिसणारा, बारीक हातांचा, फिकट कापडाचा घ्या. जुन्या लाकडाशेजारी फुगीर लेदरचा सोफा ठेवला की दोघांचंही नुकसान होतं.

वेताच्या खुर्च्या असतील तर तुमचं नशीब थोर. वेतातून आरपार दिसतं, उजेड आरपार जातो, म्हणून मोठी आरामखुर्चीसुद्धा जागा अडवत नाही. आमच्या एका खुर्चीवर मधल्या काळात कोणीतरी रेक्झिन मारलं होतं. ते काढून परत वेत विणून घेतला आणि तीच खुर्ची निम्म्या वजनाची दिसायला लागली. प्लॅस्टिकची पट्टी स्वस्त पडते आणि टिकतेही, पण ती कधी मधाळ होत नाही. खऱ्या वेताला नाशिकचा कोरडा उन्हाळा सोसत नाही, तडे जातात. महिन्यातून एकदा खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवा, सैल झालेली बैठकही वाळताना पुन्हा ताणली जाते.

घरात वयस्कर माणसं असतील तर आणखी एक गोष्ट बघा. जुन्या खुर्च्या बहुधा अठरा इंचांच्या आसपास उंच असतात, गुडघे दुखणाऱ्याला त्यातून उठणं सोपं. नवे सोफे बुटके आणि खोल. सासूबाई जाऊबाईंकडे गेल्या की सोफ्यावर बसत नाहीत, जेवणाच्या खुर्चीवरच बसतात.

कोणी कोणती वाट धरावी

फर्निचर मुख्यतः सागवानी असेल, घरात लहान मुलं असतील, सकाळ-संध्याकाळ धावपळ असेल, तर जाऊबाईंची वाट धरा. टेबल-खुर्च्या फिकट करून घ्या, पीयू करा आणि मोकळेपणाने वापरा. फक्त त्यात शिसवी वस्तू मिसळू नका.

फ्लॅट एका खोलीचा किंवा भाड्याचा असेल, दर दोन वर्षांनी बदलायचा असेल, तर दोनच वस्तू ठेवा. पण त्या दोन निवडताना सर्वांत भारी कोणती हे पाहू नका, रोज हात कशाला लागतो ते पाहा. पेटारा, खुर्ची, डेस्क यांना कुठल्याही घरात काम मिळतं. सात फुटी कपाटाला मिळतंच असं नाही. ते लिफ्टमध्ये मावतं का, हेही आधी मोजा. आमच्या कपाटाचं शिखर आणि पाया सुटे होतात, पलंगाच्या लाकडी खुंट्या काढल्या की चारही खांब वेगळे होतात, म्हणून जमलं. खिळे मारून डागडुजी केलेल्या वस्तूला हे करता येत नाही.

शिसव असेल, घर स्वतःचं असेल, आणि लपलेल्या कपाटांची ती एक भिंत परवडत असेल, तर आमची वाट धरा. तिला वेळ लागतो. पहिल्या वर्षी मी चार वेळा सगळं हलवलं. तुम्ही टेम्पो बोलावण्याआधीच रिकाम्या फ्लॅटमध्ये जाऊन प्रत्येक वस्तूचं माप खडूने जमिनीवर काढा, मग त्या रेषांमधून दोन दिवस चालून बघा. दारं उघडतात का, बाल्कनीकडे जाताना वळसा पडतो का, सगळं कळतं. पाहुण्यांचाही विचार करा. २०१५ च्या सिंहस्थात वाड्यात आमच्याकडे रात्री पंधरा माणसं झोपत होती. २०२७ ला फ्लॅटमध्ये ती येतील तेव्हा हॉलमधली सतरंजी गुंडाळून चार गाद्या पडतील इतकी जमीन मी मोकळी ठेवली आहे. हलकं घर ठेवल्याचा मला हा सर्वांत मोठा फायदा वाटतो.

वाळवीची आणि किड्यांची तपासणी वस्तू घरात येण्याआधी करा. सागवानाचा गाभा वाळवीला दाद देत नाही, पण सालीकडचं पांढरट लाकूड देतं. खणाखाली ताजा, पिठासारखा भुसा दिसला तर आत कीड चालू आहे, आधी तिचा बंदोबस्त, मग पॉलिश.

आणि पॉलिशचं काम पावसाळ्यात काढू नका. दमट हवेत लाखेवर पांढुरकी साय येते आणि ती परत उतरवावी लागते. पावसात खण अडकायला लागले तर तेही रंधा मारून कमी करू नका, लाकूड फुगलेलं असतं, कडेला मेणबत्ती घासा, दिवाळीपर्यंत आपोआप सैल होतात. कोजागिरीपासून होळीपर्यंतची हवा या कामाला सर्वांत चांगली. आमचं आजेसासऱ्यांचं डेस्क तेवढं राहिलं आहे. झाकणावर शाईचे डाग आहेत आणि ते घासून काढायचे नाहीत, असं घरात ठरलं आहे. मिस्त्री कोजागिरीनंतर येणार आहेत.